मीठा बहार

गेनूमामाचा फोन कधी उचलायचा नसे.
एकदाच वाजायचा, अर्धा,
आणि गप्प व्हायचा.
म्हणजे पाटी एसटीत बसली.
इंजिनापाशी नाही, तिथं तापतं,
कंडक्टरच्या पायाशी,
वर अंजिराचीच पानं आणि सुतळीची एक गाठ.
दिवेघाट उतरून स्वारगेटला यायला सव्वा तास.
मी चपला सरकवून निघायचे.

मोबाइल नव्हता तेव्हा तो स्वतःच यायचा,
पाटी डोक्यावर, बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यानं.
लिफ्टकडे बघून म्हणायचा,
"बंद पेटीत कशाला, अजून चालतोय की मी."
सोफ्याच्या अगदी कडेला टेकायचा,
उरलेल्या जागेवर अजून कुणी येणार असल्यासारखा,
आणि अर्ध्या तासात उठायचा.
आई वैतागायची, "झाडं काय पळून चाललीत?"
"झाडं न्हाई गं. पाखरं येत्यात."

सोनोरीच्या खालच्या अंगाला त्याचं पाऊण एकर.
एकशे बारा झाडं,
त्यातलं एक वांझ, तेही मोजायचा.
वर मल्हारगड.
जन्मभरात गडावर तो दोनदाच गेला,
दोन्ही वेळा चुकलेली शेळी हुडकायला.
माझ्या नवऱ्याला किल्ल्यांचा नाद,
त्यानं विचारलं, मामा, वरून काय काय दिसतं?
मामानं बराच वेळ आठवून पाहिलं.
"शेळी दिसली," म्हणाला.

अंजिराच्या चिकानं बोटं सोलून निघतात.
म्हणून तो तोडणीला माझे शाळेचे जुने मोजे
हातात घालायचा.
पांढरे होते ते, निळ्या पट्टीचे.
माझी शाळा सुटली, कॉलेज झालं, मला मूल झालं,
मोजे पहाटे चारला अंजिरात जातच राहिले.

"फोडल्याबिगर तोंडात टाकू ने," मला शिकवायचा,
"आत कोन बसलंय ते बघावं आदी."
मग जरा थांबून,
"मानूस मातुर हाय तसा घ्यावा."
हे तो मामीकडे बघून म्हणायचा
आणि मामी चुलीकडे बघून हसायची.

जानेवारीत गेला. खट्टा बहार उरकून,
पाट्या धुऊन, पालथ्या घालून.
मीठा बहार झाडावर होता, बोंडाएवढा.
दहाव्याला मी बागेत गेले, तर
वांझ झाडाच्या फांदीवर मोजे वाळत घातलेले.
कुणी काढले नव्हते.
मीही नाही काढले.

एप्रिलात एकदा सकाळी फोन वाजला.
एकदाच. अर्धा.
गेनूमामा.
मला ठाऊक होतं, फोन आता भिवादादाकडे असतो
आणि त्याची धाकटी दिवसभर बटणं दाबत बसते.
हे सगळं ठाऊक असताना
चपला पायात होत्या.

पहिली गाडी आली, सासवडची. मग दुसरी.
तिसरीच्या कंडक्टरनं तिकिटाचं मशीन काखेत मारत विचारलं,
"कुणाचं पार्सल?"
"सोनोरीचं."
त्यानं खरंच वाकून सीटखाली बघितलं.
"आज काय नाही ताई."

आज, म्हणाला.

स्टँडबाहेर एक बाई पाटी घेऊन बसली होती.
कुठली, मी विचारलं नाही, भावही केला नाही.
घरी येऊन धुतली, ओट्यापाशी उभ्यानंच
एक फोडलं, उजेडात धरलं.

आत कुणी नव्हतं.

मग खाल्लं.